मिसळ उत्तम, उंबरठा चार इंचांचा

नाशिकच्या गंगापूर रोडवर गेल्या वर्षी सुरू झालेल्या एका मिसळीच्या उपाहारगृहात मी आणि माझी पत्नी दोनदा जाऊन आलो, एकदा दिवाळीनंतरच्या रविवारी आणि नंतर सुमारे सात आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी. हे परीक्षण त्या दोन्ही भेटींवर आधारलेले आहे. पत्नीला वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. त्यानंतरची बरीच वर्षे ती कॅलिपर बांधून आणि कुबडी घेऊन चालली, पुढे कुबडीचा भार सोसून खांदे निकामी होत गेले आणि गेली सहा वर्षे ती व्हीलचेअरवर आहे. मी स्वतः एका आर्किटेक्टच्या कार्यालयात ३१ वर्षे ड्राफ्ट्समन होतो. त्यामुळे कुठेही बाहेर जेवायला गेलो की ती आधी फलकावरचे पदार्थ वाचते आणि मी पायऱ्या मोजतो.

पदार्थांबद्दल आधी लिहितो, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. मटकी मोड आलेली आणि नीट शिजलेली, पण पिठूळ झालेली नव्हती. काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा आणि सौम्य रस्सा अशी दोन भांडी वेगवेगळी येतात, सोबत भाजलेला पापड, दही, कांदा, लिंबू आणि एक जिलबी. तर्री ताटात आधीच ओतून आणण्याची घाई हे लोक करत नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. पाव ताजे होते. नाशिकमध्ये मिसळीची ठिकाणे इतकी झाली आहेत की चवीपेक्षा झोपाळे आणि हिरवळ यांचीच स्पर्धा जास्त दिसते. इथे मात्र चवीकडे लक्ष आहे. १४० रुपयांत दोन वेळा रस्सा वाढून मिळतो, ही किंमत आजच्या मानाने रास्त म्हणावी लागेल.

या ताटापर्यंत पोहोचायला आम्हाला त्या रविवारी पंचवीस मिनिटे लागली. जागेसाठीची रांग त्यात धरलेली नाही.

वाहनतळावर पाच-सहा इंच जाडीची खडी पसरली आहे. दिसायला ती छान दिसते, पण खुर्चीची पुढची लहान चाके तिच्यात रुततात आणि खुर्ची उलट्या दिशेने, मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यावी लागते. निळ्या रंगातली ‘दिव्यांगांसाठी राखीव’ अशी पाटी होती. तिच्याखाली दुचाक्या उभ्या होत्या. राखीव जागेची रुंदी ३६०० मिलिमीटर ठेवायची असते, म्हणजे जवळजवळ बारा फूट, कारण गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता आली पाहिजे. एवढी मोकळी जागा शहरात दिसली की तीन दुचाक्या तिथे येऊन बसतातच. तिथल्या रखवालदाराने आमच्यासाठी त्या हलवल्या आणि त्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

प्रवेशाशी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांच्या. म्हणजे एकूण चढ दीड फुटाचा. त्यांच्या शेजारी रॅम्प आहे आणि मालक तो अभिमानाने दाखवतात. उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही, हा नियम माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो: एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी, चढ जास्त असेल तर त्याहूनही सौम्य. दीड फुटासाठी कमीत कमी अठरा फूट झाले. मी टेप लावून मोजले तेव्हा हा रॅम्प सहा फुटांचा निघाला. १:४ चा हा उतार, त्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, कठडा एकाच बाजूला आणि त्या कठड्यालाही झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. दोन्ही बाजूंना, साधारण ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर हाताला धरायला दांड्या हव्यात आणि वर-खाली खुर्ची वळवण्यापुरती दीड मीटरची सपाट जागा हवी, यातले काहीच नव्हते. आम्ही उभे असतानाच एक मुलगा त्यावरून गॅसचे सिलिंडर घडघडवत खाली घेऊन गेला, तेव्हा रॅम्प नेमका कोणासाठी बांधला आहे ते उलगडले. माणूस त्यावरून वर जाऊ शकत नाही, आणि गेलाच तर खाली येताना स्वतःला सावरू शकत नाही.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. असे रॅम्प मी स्वतः काढले आहेत. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा आला तेव्हा आमच्या कार्यालयात त्याची एक छायांकित प्रत फिरली होती. इमारतींमध्ये रॅम्प करण्याची गोष्ट त्यात होती, पण ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’ अशा अर्थाची एक सवलतही त्याच कलमांत होती, आणि त्या सवलतीतून हत्तीसुद्धा आरामात निघून गेला असता. नकाशा मंजूर व्हावा म्हणून दर्शनी बाजूला दोन तिरप्या रेषा आणि एक बाण काढायचा, त्यावर ‘रॅम्प’ लिहायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, ही आमची पद्धत होती. जागेवर तो रॅम्प किती लांबीचा होईल, याचा हिशेब करायला कोणी सांगितले नाही आणि मीही आपणहून केला नाही. तेव्हा आमच्या घरात कुबडी होती, खुर्ची नव्हती, एवढेच त्याचे स्पष्टीकरण मला देता येते, आणि ते पुरेसे नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ती पळवाट त्याने बुजवली. कायद्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे केवळ सरकारी कचेरी नाही. लोक जिथे व्यापारासाठी, मनोरंजनासाठी, उपचारासाठी किंवा देवदर्शनासाठी येतात अशी खासगी इमारतही तिच्यात येते. कलम ४४ सांगते की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना वास्तू विनाअडथळा वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि तशी इमारत पूर्ण झाल्याचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत देते, तर कलम ४६ सेवा देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सरकारी असो की खासगी, दोन वर्षांची. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. ही दोन्ही मुदती संपून गेल्यानंतर, म्हणजे गेल्या वर्षी, हे उपाहारगृह नव्याने बांधले गेले आहे. त्यामुळे ‘जुनी वास्तू आहे, काय करणार’ ही आपल्याकडची आवडती सबब इथे मुळातच लागू होत नाही. राज्यातही डिसेंबर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत.

रॅम्प असा, म्हणून मालक स्वतः बाहेर आले. गृहस्थ अतिशय सज्जन. ‘काका, तुम्ही कशाला चिंता करता, चार पोरं उभी आहेत, काकूंना खुर्चीसकट अलगद उचलून घेतील,’ असे ते म्हणाले आणि खरोखरच चार तरुण हात पुसत पुढे आले. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात, एका मंगल कार्यालयाच्या दारात अशाच उत्साही मुलांनी तिला उचलले होते. एकाने खुर्चीचा हात धरला. तो हात काढता-घालता येण्याजोगा होता, हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. हात निघून त्याच्या मुठीत राहिला, खुर्ची कलली आणि तिचे मनगट मोडले. अक्षता पडल्या तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. तेव्हापासून ती कोणालाही उचलू देत नाही. आणि पडण्याची भीती बाजूला ठेवली तरी, पन्नास अनोळखी माणसे मिसळ खाता खाता पाहत असताना सामानासारखे उचलले जाणे कोणाला आवडेल?

मालकांचे दुसरे म्हणणे असे की, इतक्या महिन्यांत खुर्चीवरून आलेल्या तुम्हीच पहिल्या. अशा वेळी मला सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार हा निकाल आठवतो. रतूडी हे स्वतः दृष्टिहीन. त्यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एखादी व्यक्ती समोर आल्यावर तिच्या गरजेप्रमाणे केलेली सोय निराळी, आणि कोणी येण्याच्या आधीपासून वास्तू सर्वांना वापरता येईल अशी असणे निराळे. दुसरे कर्तव्य कोणाच्या येण्यावर अवलंबून नाही. किंबहुना तीन पायऱ्या पाहून दारातून परत गेलेली माणसे मालकांच्या हिशेबात कधी येणारच नाहीत, म्हणून आम्ही ‘पहिले’ ठरलो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि तेव्हा कायदा सातच प्रकार मानत होता. आता तो एकवीस मानतो.

त्याच निकालाने आणखी एक गोष्ट केली, आणि ड्राफ्ट्समन म्हणून मला ती अधिक महत्त्वाची वाटते. २०१७ च्या नियमांमधला क्रमांक १५ (१) हा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला. त्या नियमाने सुगमतेची मापे वेगवेगळ्या मार्गदर्शिकांवर सोपवली होती, आणि मार्गदर्शिकांची भाषा ‘असावे’, ‘करता येईल’ अशी. कायद्याची भाषा मात्र ‘केलेच पाहिजे’ अशी. ज्यांतून सूट नाही अशी किमान मापे वेगळी काढून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत, असे केंद्र सरकारला सांगण्यात आले, आणि नियम मोडल्यास पूर्णत्वाचा दाखला रोखणे, दंड करणे ही कलमे प्रत्यक्षात वापरावीत, असेही. नकाशावर तिरप्या दोन रेषा काढून मोकळे होणाऱ्या माझ्यासारख्यांची अडचण न्यायालयाने नेमकी ओळखली होती, असे मला हा निकाल वाचताना वाटले. ‘असावे’ या शब्दावर आमची सारी कारकीर्द उभी होती.

शेवटी मी आणि रखवालदार, असे दोघांनी मिळून खुर्ची पाठमोरी करून एकेक पायरी वर घेतली. वर पोहोचल्यावर दाराशी उंबरठा.

हा उंबरठा सागवानी आहे. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला तेव्हा मालकांनी त्याचा दरवाजा चौकटीसह विकत घेतला, पॉलिश केला आणि इथे बसवला. ८५ हजार रुपये लागले, असे त्यांनीच सांगितले. काम सुरेख आहे, गणेशपट्टी आणि कडी-कोयंड्यांसह. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारापर्यंत पाणी चढणाऱ्या गावात धूळ, पाणी आणि सरपटणारे प्राणी अडवायला उंच उंबरठ्याचा काही उपयोग होत असेल. गंगापूर रोडवर तो फक्त माझ्या पत्नीला अडवतो. दाराशी १२ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, तोही कडा उतरत्या करून. हा चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर. दाराच्या दोन झडपांपैकी एक कायम बंद असते, त्यामुळे ९०० मिलिमीटरऐवजी जेमतेम ७२० मिलिमीटर जागा मिळते आणि खुर्ची आत जाताना बोटांची सालटी निघतात. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपासून पाच लाखांपर्यंत. पहिल्या दंडाहून दरवाजा महाग पडला आहे, हे मी मालकांना सांगितले तेव्हा ते हसले, पण थोडे विचारातही पडले.

आतली बैठक दोन प्रकारची: सिमेंटमध्ये पक्के केलेले बाक आणि चौरंगावर मांडी घालून बसण्याची सोय. सुटी टेबले चारच, आणि त्यांच्याही खाली आडवी फळी असल्याने खुर्चीवर बसलेल्याचे गुडघे आत जात नाहीत. पत्नी टेबलाच्या टोकाला, ये-जा करण्याच्या वाटेतच बसली आणि गरम रश्श्याच्या बादल्या तिच्या खांद्यावरून ये-जा करत राहिल्या. पदार्थांची यादी क्यूआर कोडवर आहे आणि तो उघडल्यावर एक छायाचित्र दिसते. दृष्टिहीन ग्राहकाचा मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही. साधा मजकूर ठेवला तर एक पैसाही खर्च नाही. वाढप्याने माझ्याकडे पाहून विचारले, ‘काकूंना तिखट चालतं का?’ काकू माझ्यापेक्षा दुप्पट तिखट खातात आणि त्यांना ऐकू येते, बोलताही येते. ‘मला विचार की रे बाळा,’ ती म्हणाली. तो ओशाळला. वरच्या मजल्यावर वातानुकूलित दालन आहे, उद्वाहन (लिफ्ट) नाही. वाढदिवसाच्या मेजवान्या तिथे होतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

स्वच्छतागृहाबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे, कारण बहुतेक परीक्षणांत ते कोणी लिहीत नाही. दारावर खुर्चीचे निळे चिन्ह होते आणि कुलूप होते. किल्ली व्यवस्थापकाकडे. कुलूप उघडल्यावर आत द्रोणांची खोकी, तीन बादल्या, खराटे आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल निघाले. सामान काढूनही उपयोग नव्हता: दार आत उघडणारे, त्यामुळे खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही; खुर्ची वळवायला दीड मीटरचा मोकळा घेर हवा, इथे एकूण रुंदीच साडेतीन फूट; कमोडच्या बाजूला धरायला काही नाही. हे आम्हाला नवीन नाही. बाहेर जायचे असले की पत्नी सकाळपासून चहा घेत नाही, पाणी मोजून घोट-दोन घोट पिते आणि घरी येईपर्यंत तशीच राहते. खुर्ची वापरणाऱ्या ज्या ज्या स्त्रिया मला माहीत आहेत, त्या सगळ्या हेच करतात, आणि त्याचे दुखणे पुढे मूत्राशयाला भोवते. त्या रविवारी तिने तिखट रश्श्याची मिसळ खाल्ली, नाका-डोळ्यांतून पाणी आले, शेजारच्या टेबलावर मठ्ठ्याचे थंड तांबे येत होते, आणि तिने एक घोटही घेतला नाही. मिसळीबरोबर मठ्ठा न घेणे म्हणजे काय, हे नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते आणि अशा चौकशीत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकारही आहेत. मी तक्रार केली नाही. घरी येऊन दोन कागदांवर मापांसह रेखाटन केले आणि पत्रासोबत मालकांना नेऊन दिले. हिरवळीच्या बाजूला त्यांचा एक दुसरा दरवाजा आहे, जो कायम बंद असतो. तिथे जमिनीची पातळी वर आलेली असल्यामुळे आत-बाहेर फरक फक्त पाच इंचांचा आहे. पाच इंचांना साठ इंच, म्हणजे पाच फुटांचा रॅम्प पुरतो. पायऱ्या तोडायला नकोत आणि वाड्याचा दरवाजाही हलवायला नको. बांधकाम सुरू होण्याआधी हे कोणी कागदावर पाहिले असते तर एवढाही उपद्व्याप पडला नसता. येत्या सिंहस्थासाठी त्र्यंबक रस्त्याला नवी हॉटेले उभी राहत आहेत, त्यांच्या ड्राफ्ट्समननी तरी हे पाहावे.

सात आठवड्यांनी मालकांचा फोन आला, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. हिरवळीकडचा दरवाजा उघडा होता. रॅम्प पाच फूट दोन इंच, खडबडीत कोटा फरशीचा; पत्नी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः चाके फिरवत वर गेली आणि वर पोहोचल्यावर उगाचच एकदा खाली येऊन पुन्हा गेली. कठडा अजून एकाच बाजूला आहे. खडीतून दारापर्यंत फरशीची वाट टाकायची राहिली आहे. दोन टेबलांखालची फळी काढली आहे. वाढप्या तोच होता. त्याने या वेळी तिलाच विचारले आणि जास्तीची तर्री न सांगता आणली. काम अर्धे झाले आहे आणि उरलेले उन्हाळ्यापर्यंत करण्याचा शब्द मालकांनी दिला आहे; तो पुरा होईपर्यंत नाव लिहायचे नाही, असे आमचे दोघांचे ठरले आहे.

चवीला मी पाचपैकी साडेचार तारे देतो, वागणुकीला चार. सुगमतेला पहिल्या दिवशी शून्य दिला असता, आज दोन देतो. तिसरा तारा स्वच्छतागृहामुळे अडला. तिथले सामान हलवले आहे, भिंत सरकवून जागा वाढवली आहे, दार बाहेर उघडणारे केले आहे, कमोडशेजारी स्टीलची दांडीही बसवली आहे. परंतु ती टॉवेल अडकवण्याची दांडी आहे, शरीराचा भार घेणारी नव्हे. मी हाताने जोर दिला तेव्हा एका बाजूचा स्क्रू भिंतीतून अर्धा इंच बाहेर आला. मी परत येऊन पत्नीला तसे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि वाढप्याला बोलावून अर्धा ग्लास मठ्ठा मागवला.